मधुमेह आणि किडनीविकाराच्या स्वव्यवस्थापनावर प्रबंध: ज्ञानाचे गुण मोजण्यापेक्षा घरातलं मीठ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. मधुमेहाबरोबर किडनीचा आजार असलेल्या रुग्णांना स्वव्यवस्थापनाबद्दल ४५ मिनिटांचं नियोजित शिक्षण द्यायचं, आधी प्रश्नावली, सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नावली, ६० रुग्ण, असा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) तुम्ही दिला. गाइड म्हणाल्या, 'हे शंभर वेळा झालंय, नवीन काय?' हातात आठ महिने आहेत आणि विषय बदलायचा की तोच सुधारायचा, हे ठरत नाही.

विषय बदलू नका. विषय चांगलाच आहे, मोजमाप चुकलंय. शिकवल्यावर सातव्या दिवशी गुण वाढणारच. अकराचे सतरा झाले की 'पी' मूल्य (निकाल 'लक्षणीय' मानायचा का ते ठरवणारा आकडा) ०.०५ च्या खाली जाईल, प्रबंध पास होईल, आणि रुग्णाच्या ताटात काहीच बदललेलं नसेल. ओपीडीत बसलेल्या बहुतेकांना 'मीठ कमी करायचं' हे तोंडपाठ असतं. ते घरी होत का नाही, आणि परिचारिकेने नेमकं काय केलं तर होईल, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

या दोन आजारांच्या जोडीत अभ्यासायला सगळ्यात चांगली जागा मला वाटते ती अशी: मधुमेहासाठी दिलेला सल्ला आणि किडनीसाठी दिलेला सल्ला एकमेकांवर आदळतात, आणि मधे सापडतो रुग्ण. दहा वर्षं त्याला सांगितलेलं असतं की मोड आलेली कडधान्यं खा, फळं खा, पालेभाजी भरपूर, साखर उतरली तर संत्र्याचा रस घ्या. मग एके दिवशी क्रिएटिनीन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा घटक) वाढतं आणि कुणीतरी घाईत सांगतं, 'डाळी बंद, फळं बंद, पाणी कमी.' रुग्ण घाबरतो आणि भात-भाजीवर येतो. साखर वाढते, अंगातली ताकद जाते.

प्रथिनांचा हिशोब एकदा मांडून बघा. किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे 'केडिगो'ची २०२२ची मधुमेहासाठीची आवृत्ती, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सुचवते. ६० किलोच्या बाईंना ४८ ग्रॅम. आता शाकाहारी घरातलं रोजचं जेवण धरा: दोन भाकरी साधारण १० ग्रॅम, दोन पोळ्या ७, दोन वाट्या वरण १२, एक वाटी उसळ ७, भात ४, पेलाभर दूध ६. झाले ४६. म्हणजे या बाई आधीच मर्यादेत आहेत. त्यांचं वरण आणि उसळ काढून घेतली तर २७ ग्रॅमच उरतात, आणि हे घरोघरी होतं. रोज मटण-चिकन खाणाऱ्या किंवा प्रोटीन पावडर घेणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला कमी करायला सांगावंच लागेल. पोटॅशियमचंही तसंच: रक्तात वाढलेलं असेल तरच ते आहारात आवळायचं, सरसकट नाही. त्यामुळे तुमच्या शिकवण्यात 'बंद' हा शब्द येण्याआधी त्या रुग्णाचे रिपोर्ट तुमच्या हातात असले पाहिजेत. छापील माहितीपत्रक सगळ्यांना एकच वाटलं तर तुम्हीच या गोंधळात भर घालाल.

आता नमुना कुणाचा घ्यायचा. किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणायला ईजीएफआर (किडनीच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ६० च्या खाली किंवा लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ, अशी व्याख्या आहे. एका रिपोर्टवर कुणाला अभ्यासात घेऊ नका. ताप, लघवीचा संसर्ग, फार चढलेली साखर यांनीही लघवीतलं अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तुमच्यासाठी मी ईजीएफआर ३० ते ५९ असलेले, डायलिसिसवर नसलेले रुग्ण सुचवेन. कारण व्यवहारी आहे. ३० च्या खाली एचबीएवनसीवरचा (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवरचा) भरवसा कमी होत जातो. रक्तक्षय, हिमोग्लोबिन वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, रक्त चढवणं आणि लाल पेशींचं घटलेलं आयुष्य यांमुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो. मग तुमच्या शिकवण्याने साखर सुधारली की हिमोग्लोबिनच्या इंजेक्शनने आकडा खाली आला, हे तुम्हाला सांगता येणार नाही. शिवाय ३० च्या आसपास औषधंही बदलतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी थांबवावी लागते, आणि तिचा डोस कमी करायचा विचार तर ४५ च्या खाली गेल्यापासूनच होतो. अभ्यासाच्या मधेच निम्म्या लोकांच्या गोळ्या बदलल्या तर विश्लेषणाची वाट लागते.

क्रिएटिनीन किंवा ईजीएफआर हे परिणामाचं मोजमाप म्हणून धरू नका. तीन महिन्यांत शिक्षणामुळे त्यात फरक पडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. उलट डॉक्टरांनी याच काळात मधुमेहाची एसजीएलटी-२ गटातली किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केली तर ईजीएफआर सुरुवातीला थोडा खाली येतो. तो औषधाचा अपेक्षित परिणाम असतो, आणि तुमच्या तक्त्यात मात्र 'हस्तक्षेपानंतर किडनी बिघडली' असं दिसेल. हे आकडे सुरुवातीला नोंदवा, रुग्णांचं वर्णन करायला वापरा, तिथेच थांबा.

मग मोजायचं काय? घरात घडणाऱ्या तीन गोष्टी घ्या: मीठ, औषधं आणि साखरेची तपासणी.

मीठ सगळ्यात आधी, कारण इथे सगळ्यात जास्त खोटी उत्तरं मिळतात आणि मोजणं मात्र सोपं आहे. 'तुम्ही मीठ कमी खाता का?' या प्रश्नाला प्रत्येक जण 'हो' म्हणतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा घ्या, घरी जा, मिठाचा डबा आणि फोडलेली पुडी वजन करा आणि सात दिवसांनी पुन्हा करा. समजा २४५ ग्रॅम कमी झालं आणि घरात चार मोठी माणसं दोन्ही वेळ घरीच जेवली, तर २४५ भागिले ७ भागिले ४, म्हणजे माणशी रोज पावणेनऊ ग्रॅम. शिफारस आहे ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. ही पद्धत अचूक नाही. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी, बाहेरची मिसळ यातलं मीठ डब्यातून जात नाही. पाहुणे येऊन जातात, मुलं कमी खातात, भाज्या मिठाच्या पाण्यात भिजवल्या जातात. म्हणून सोबत एक छोटी वही ठेवायला सांगा: त्या सात दिवसांत कोण किती वेळा जेवलं, बाहेरचं काय आलं, मीठ स्वयंपाकाशिवाय कशाला वापरलं. एकाच घराची आधीची आणि नंतरची तुलना करायला हे पुरेसं आहे. परवडत असेल तर १५-२० जणांच्या २४ तासांच्या लघवीतलं सोडियम तपासून घ्या. ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण ८७ मिलिमोल सोडियम, तेवढ्यावरून तुमच्या डब्याच्या आकड्याला आधार मिळेल. मात्र लघवी पूर्ण गोळा झाली का हे नीट विचारा. पहाटेची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, इथे निम्मे लोक चुकतात.

मिठाच्या घरभेटीत दोन प्रश्न आवर्जून विचारा. घरात 'लो सोडियम' मीठ आणलंय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी मंदावलेल्या आणि टेल्मिसार्टन किंवा तत्सम गोळी घेणाऱ्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं, आणि लोक ते पथ्य म्हणून चांगल्या हेतूने आणतात. दुसरं, सैंधव. उपवासाचं आहे म्हणून ते वेगळं समजलं जातं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

याच भेटीत तुमच्या लक्षात येईल की तुमचा खरा सहभागी ओपीडीत आलेला माणूस नव्हताच. आमटीत मीठ घालणारी व्यक्ती बायको असते, सून असते, कधी स्वयंपाकाच्या मावशी असतात. काकांना ४५ मिनिटं शिकवून घरी पाठवलं तर काका घरी जाऊन फक्त कुरकुर करतात. म्हणून माझा ठाम सल्ला: जेवण रांधणाऱ्या व्यक्तीला अभ्यासात रीतसर घ्या, तिचंही वेगळं संमतीपत्र घ्या, आणि शिकवताना तिला समोर बसवा. तुमच्या गाइड विचारतायत ते 'नवीन' मला इथे दिसतं. रुग्ण एकट्याला शिकवलेला एक गट आणि रुग्ण व स्वयंपाक करणारी व्यक्ती दोघांना शिकवलेला दुसरा गट, अशी तुलना केलीत तर निकाल काहीही आला तरी तो कुणाच्या तरी कामाचा असेल.

औषधांसाठी 'गोळ्या वेळेवर घेता का' हे विचारू नका. पिशवी मागवा. घरात आहेत ती सगळी औषधं, बिनचिठ्ठीची, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळी एका पिशवीत. त्या पिशवीत गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेलं, किडनीला घातक ठरू शकणारं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सापडण्याची शक्यता भरपूर आहे. 'किडनी साफ करणारा' काढाही असेल. वेदनाशामकांबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते 'साखरेचं औषध' नसतं. गोळ्या मोजायच्या तर दिलेल्या वजा उरलेल्या, भागिले अपेक्षित. महिन्याला ६० घ्यायच्या आणि १४ उरल्या तर ७७ टक्के. पण भेट आधी कळवली की उरलेल्या गोळ्या डब्यातून गायब होतात, त्यामुळे मोजणी कधी होईल ते सांगू नका, होणार आहे एवढं संमतीपत्रात असू द्या. मधे दुसऱ्या दुकानातून पट्टी आणली का हेही विचारा.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं इंजेक्शन प्रत्यक्ष भरताना बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलि असतं, पेनमधलं १०० चं. ४० च्या कुपीला १०० ची सिरिंज वापरली तर १० च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन ४ युनिटच असतं. उलट झालं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं, तर १० च्या खुणेला २५ युनिट जातात. प्रश्नावलीत ही चूक कधीच सापडत नाही.

साखरेच्या नोंदींसाठी वहीपेक्षा ग्लुकोमीटरची मेमरी बघा. वही आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली असते. मेमरी बघण्याआधी यंत्रातली तारीख-वेळ तपासा. सेल बदलला की पुष्कळ यंत्रांचं घड्याळ बिघडतं आणि पहाटेचं रीडिंग दुपारचं दिसतं.

प्रश्नावली अजिबात नको असं मी म्हणत नाही. परीक्षकांना प्रमाणित टूल लागतं. मधुमेहासाठी टुबर्ट, हॅम्पसन आणि ग्लासगो यांचं एसडीएससीए आहे. ते 'गेल्या सात दिवसांत किती दिवस' असं विचारतं, त्यामुळे मत न मागता वर्तन मागतं. किडनीसाठी तैवानमध्ये तयार झालेलं २९ प्रश्नांचं सीकेडी-एसएम आहे. दोन्हींसाठी मूळ लेखकांची परवानगी ईमेलने आत्ताच मागा. औषधांच्या नियमिततेचं मोरिस्की टूल घेण्याआधी त्याच्या परवान्याच्या अटी नीट वाचा, ते फुकट वापरता येत नाही. भाषांतर, उलट भाषांतर आणि मग दहा रुग्णांकडून 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय?' असं वदवून घेणं, या तिन्ही पायऱ्या पायलटच्या (छोट्या प्राथमिक अभ्यासाच्या) आधी करा.

शिकवण्याची रचना: एकच लांब व्याख्यान काढून टाका. दर दोन आठवड्यांनी २५-३० मिनिटांच्या चार बैठका ठेवा आणि मधे एक फोन. पहिल्या बैठकीत पिशवी आणि रिपोर्ट. दुसरी घरी, मिठाच्या डब्यासमोर. तिसऱ्या बैठकीला सगळ्यात जास्त तयारी करा: साखर उतरणं आणि आजारपणाचे दिवस. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, ग्लायबेनक्लॅमाइडसारख्या साखर कमी करणाऱ्या गोळ्या साचतात, म्हणून या रुग्णांची साखर अचानक आणि दीर्घ काळ उतरू शकते. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पोटॅशियम वाढलेल्यांना इथे संत्र्याचा रस किंवा शहाळं नको. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन, एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या, लघवीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि किती दिवस, हे त्या रुग्णाच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर लावायला सांगा. चौथ्या बैठकीत अडलं कुठे तेवढंच बोला. प्रत्येक बैठकीच्या शेवटी 'समजलं का?' असं विचारण्यापेक्षा 'घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल?' असं विचारा.

एक धोका सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. तुमच्या शिकवण्याने रुग्णाने खाणं कमी केलं आणि इन्सुलिनचा डोस तोच राहिला तर साखर उतरेल. म्हणजे तुमचा हस्तक्षेप निरुपद्रवी नाही. कोणत्या आकड्याला कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असलं पाहिजे, आणि रात्रीचंही.

नमुना किती? एचबीएवनसी हे मुख्य मोजमाप धरलं, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) १.२ आणि ०.८ टक्क्यांचा फरक पकडायचा ठरवलं, तर ८० टक्के पॉवरला (खरा फरक असल्यास तो सापडण्याच्या शक्यतेला) प्रत्येक गटात ३६ लागतात. गळती धरून ४५. ०.५ टक्क्यांचा फरक पकडायचा तर हीच संख्या ९१ वर जाते, जी एकट्या विद्यार्थिनीला झेपणारी नाही. मिठासाठी प्रमाण विचलन तुमच्या पायलटमधून काढा आणि मीठच मुख्य मोजमाप ठेवा, एचबीएवनसी दुय्यम. मी असाच निर्णय घेईन.

नियंत्रण गट हवाच. ज्यांची साखर फार वाढली म्हणून ते आत्ता ओपीडीत आलेत, त्यांची पुढच्या वेळी काही न करताही थोडी खाली येते. पण एकाच बाकावर बसलेले रुग्ण एकमेकांना सगळं सांगतात. म्हणून बैठका वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या वेळी ठेवा. गटवाटप बंद, अपारदर्शक, क्रमांक घातलेल्या पाकिटांनी करा, आणि पाकिटं तुम्ही नाही, दुसऱ्या कुणी तयार करा. सोमवारची ओपीडी एक गट आणि गुरुवारची दुसरा असं करणार असाल तर युनिट आणि डॉक्टर बदलतात हे लक्षात ठेवा आणि त्याला यादृच्छिक चाचणी म्हणू नका. नियंत्रण गटाला शेवटी तेच शिक्षण द्या.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्यानंतर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

वेळेचं गणित पुण्याच्या कॅलेंडरवर बसवा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचं बोलतं, म्हणून पाठपुरावा किमान १२ आठवडे. श्रावणातले उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा; पुढे गणपतीतले मोदक, मग दिवाळीचा फराळ. दोन्ही गट एकाच वेळी चालले तर सणांचा फटका दोघांना सारखा बसतो. एक गट जूनमध्ये आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये घेतलात तर तुम्ही शिक्षण मोजताय की करंज्या, ते कळणार नाही. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत सोलापूर, लातूर, अहिल्यानगरहून येणारे रुग्ण खूप असतात. घरभेटी करायच्या तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारेच घ्या, आणि रुग्णाशिवाय घरातला आणखी एक फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

विश्लेषणात एक जुनी सवय सोडा: वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न अशा दहा घटकांशी काय-स्क्वेअर ही सांख्यिकी चाचणी लावून 'संबंध आढळला' असं लिहिणं. दहा चाचण्यांत निव्वळ योगायोगाने एखादी तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. अंतिम आकड्याची गटांमध्ये तुलना करा, सुरुवातीचा आकडा सहचल म्हणून धरा (म्हणजे तुलनेत त्याचाही हिशोब घ्या), आणि सोडून गेलेल्यांना त्यांच्या मूळ गटातच मोजा.

एथिक्सची तारीख लांबून पाठपुराव्याला चार महिनेसुद्धा उरणार नसतील तर हा सगळा घाट घालू नका. १२ ते १५ घरांतल्या रुग्ण आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती यांच्या वेगवेगळ्या मुलाखती घ्या, सोबत मिठाच्या डब्याचं एकदाच वजन करा. गुणात्मक प्रबंधाला आपल्याकडे कमी लेखतात, ते मला पटत नाही. सिनॉप्सिस सुधारला की मोजमापांचा भाग आणि संमतीपत्राचा मसुदा इथे टाका, वाचून सांगते.